मुलांसाठीचं पेड फिल्टर ॲप: अडवतं जोरात, चुकलं की मात्र गप्प

वर्षभराची वर्गणी एकदम भरून घेतलेल्या एका पॅरेंटल कंट्रोल ॲपचा हा रिव्ह्यू आहे. नाव देत नाहीये, कारण एक तर असली ॲप्स आता पैशाला पासरी झालीत, आणि दुसरं म्हणजे सगळ्यांची वेबसाइट एकाच साच्यातली असते, वर हसणारे आईबाबा, खाली "तुमचं मूल आत्ता काय बघतंय माहितीये का?" असा पोटात गोळा आणणारा प्रश्न, आणि त्याच्या लगेच खाली प्लॅन निवडा. ज्यांना एवढं सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी दोन स्टार, आणि त्यातलेही बरेचसे टाइम लिमिटचे आहेत, फिल्टरचे नाहीत.

घरात दोन मुलं, थोरली तेरा वर्षांची, धाकटा आठचा. हे सांगायचं कारण म्हणजे पालकांच्या ग्रुपवर जो वाद चालतो ना, फिल्टर लावावा की लावू नये, तो बहुतेक वेळा आठ वर्षांच्या पोराबद्दल बोलणारा एक आणि पंधरा वर्षांच्या पोरीबद्दल बोलणारा दुसरा यांच्यात चाललेला असतो आणि दोघांनाही ते कळत नसतं. धाकट्याला काही भयंकर अचानक समोर येऊ नये एवढंच हवंय. थोरली मात्र स्वतःहून शोधते, आणि शोधायलाच पाहिजे तिने, त्या वयात. एकच ॲप दोघांना पुरेल असं कंपनी म्हणते. नाही पुरत.

आधी इन्स्टॉल करण्याबद्दल. अँड्रॉइडवर हे ॲप टाकलं की परमिशनची रांगच लागते, ॲक्सेसिबिलिटी द्या, नोटिफिकेशन वाचायची परवानगी द्या, लोकेशन कायम चालू ठेवा, व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्या वाटेने फिरवणारी सोय) प्रोफाइल बसवू द्या, डिव्हाइस ॲडमिन करा (म्हणजे ॲप सहज काढता येत नाही). ॲक्सेसिबिलिटी ही मुळात ज्यांना स्क्रीन दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठीची सोय आहे, तिच्यातून स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो म्हणून ही ॲप्स ती वापरतात. म्हणजे तुम्ही जे "ओके ओके" करत जाता तेव्हा त्या कंपनीला पोराच्या फोनवरचं जवळपास सगळं वाचायची मुभा देत असता. आयफोनवर एवढं आत शिरता येत नाही, तिथे काही ॲप्स मॅनेजमेंट प्रोफाइल टाकायला लावतात, जे खरं तर ऑफिसच्या फोनसाठी असतं. २०१९ मध्ये याच कारणावरून ॲपलने अशी बरीच ॲप्स स्टोअरवरून काढली होती, मग ओरड झाली, ॲपल स्वतःच्या स्क्रीन टाइमसाठी (फोनवर वेळ बांधून द्यायची ॲपलची सोय) स्पर्धा मारतंय वगैरे, आणि काही महिन्यांत अटी घालून परत परवानगी दिली. माझं मत, त्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

चांगलं काय ते आधी सांगून टाकते. वेळेची मर्यादा एकदम फिट बसते. गेम अमुक वेळ, रात्री फोन बंद, अभ्यासाच्या वेळी फक्त कॉल, हे सगळं न कुरकुरता चालतं आणि "आई अजून पाच मिनिटं" हा रोजचा तमाशा बराच कमी झाला कारण आता नाही म्हणणारा फोन आहे, मी नाही. पण मग हेच गूगलचं फॅमिली लिंक (२०१७ पासून आहे) आणि ॲपलचं स्क्रीन टाइम (२०१८ पासून) फुकटात करतात की, आणि फोनच्या सिस्टममध्येच असल्यामुळे बॅटरीही कमी खातात. म्हणजे पैसे नक्की कशाचे घेतायत, तर फिल्टरचे आणि "स्मार्ट अलर्ट"चे. तर त्यांच्याकडे वळू.

फिल्टरमध्ये चाळीसेक प्रकार आहेत, टिक करायचं, पॉर्न, जुगार, हिंसा, ड्रग्ज, डेटिंग, "प्रौढ विषय" वगैरे. उघड पॉर्न साइट अडवण्यात ॲप चोख आहे, तिथे तक्रार नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. थोरलीला बेडकाच्या प्रजननावर प्रोजेक्ट होता, तिने एक जीवशास्त्राची साइट उघडली तर लाल ढालीचं चित्र आणि "हे पान तुझ्यासाठी योग्य नाही. कारण: लैंगिक विषय." बेडूक! बरं, त्या पानावर खाली एक बटण आहे, "पालकांना विनंती पाठव". तिने दाबलं. मी शेजारच्या खोलीत होते, माझ्या फोनवर काहीच नाही. नोटिफिकेशन आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रोजेक्ट जमा करून झाल्यावर. आणि त्यात काय होतं, तर फक्त साइटचं नाव, कुठलं पान, कशाबद्दल, तिने का मागितलं, काही नाही. पर्याय दोनच, "कायम परवानगी" किंवा "कायम नकार". आता मी त्या साइटवर अजून काय काय आहे ते न बघता कायमची परवानगी कशी देऊ? आणि तासाभरापुरती द्यायची सोय का नाही?

हे फक्त नाव दिसायचं कारण टेक्निकल आहे आणि ते समजून घ्या, कारण विकणारे सांगत नाहीत. आता जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे फोन आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. मध्ये बसलेल्या फिल्टरला साधारणपणे कुठल्या साइटवर जाताय एवढंच कळतं, आत कुठलं पान उघडलंय ते नाही. त्यामुळे विकिपीडिया, यूट्यूब, रेडिट असल्या अवाढव्य साइट्सच्या बाबतीत त्याच्याकडे दोनच रस्ते, सगळं उघडं नाहीतर सगळं बंद. जाहिरातीत "प्रत्येक पान एआय तपासतो" असं असलं तरी ते त्या ॲपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येच खरं असतं, आणि तो ब्राउझर इतका रेंगाळतो की पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

माझं म्हणणं सगळं या एका लाल पानापाशी येऊन थांबतं. फिल्टर चुकणारच, प्रत्येक चुकतो, कमी अडवेल किंवा जास्त अडवेल. किती टक्के अडवतो हे सगळे विचारतात, पण चुकला की पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही. मुलाला कारण समजतं का, मागायची सोय आहे का, मागितलं की किती वेळात उत्तर येतं, आणि विचारल्याबद्दल त्याला चोरासारखं तर वाटत नाही ना. या ॲपमध्ये नकार दिला की मुलाच्या फोनवर परत तीच लाल ढाल येते, त्यावर "तुझ्या पालकांनी नकार दिला". मी काही लिहू शकत नाही, "रात्री बसून बघू आपण दोघी" एवढंसुद्धा नाही. थोरलीने दोनेक विनंत्यांनंतर ते बटण दाबणंच सोडलं. कंपनीच्या डॅशबोर्डवर मात्र मस्त हिरवा आलेख, "या आठवड्यात विनंत्या शून्य!"

शब्द बघून अडवण्याचा रोग काही आजचा नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीचं खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात मधली चार अक्षरं इंग्रजीतली शिवी होतात. त्यावरून या प्रकाराला नावच पडलं, स्कन्थॉर्प प्रॉब्लेम. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या ॲपचा अलर्ट बघा. धाकटा भावंडांबरोबर गेम खेळताना चॅटमध्ये इंग्रजीत लिहितो "तू मला किल केलंस", की माझ्या फोनवर लाल पट्टी, "हिंसक संभाषण आढळलं". आणि त्याच चॅटमध्ये कोणीतरी मोठ्या पोराने इंग्रजी लिपीत अस्सल मराठी शिव्या टाइप केल्या होत्या, आईमाईवरच्या, त्या ॲपच्या डोक्यावरून गेल्या. देवनागरीतल्या शिव्या तर त्याला अक्षरंच वाटत नसावीत. थोरली मैत्रिणीला रोज लिहिते "मेले मी, उद्या पेपर", ते पकडलं नाही हे बरंच झालं म्हणा, पण याचा उलटा अर्थ असा की उद्या खरंच कोणी पोर मराठीत काही वाईट लिहील तेव्हाही हे ॲप ढिम्म बसेल. वेबसाइटवर "अनेक भाषांत चालतं" असं लिहिलंय, ते मेनूच्या भाषेबद्दल आहे हे सपोर्टला मेल केल्यावर कळलं. इंग्रजी सोडून कुठल्याही भाषेत घरात बोलत असाल तर चॅट अलर्टच्या नावाखाली एक पैसाही जास्त देऊ नका.

आणि चॅट वाचण्याबद्दल माझं मत अजून कडक आहे. वाईट साइट अडवणं आणि पोरीचं मैत्रिणीशी बोलणं वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही ॲप्स दोन्ही एकाच बटणाखाली विकतात. त्या चॅटमध्ये दुसऱ्याची मुलगीही असते, तिच्या आईने कुठे परवानगी दिलीये? शिवाय ते सगळं जातं कंपनीच्या सर्व्हरवर. २०१८ मध्ये टीनसेफ नावाच्या अशाच एका मॉनिटरिंग ॲपचा सर्व्हर उघडा सापडला होता, हजारो खात्यांची माहिती, त्यात मुलांचे ॲपल आयडी आणि पासवर्ड साध्या अक्षरांत, आणि वर ते ॲप चालायला टू फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) बंद ठेवावं लागायचं. मुलांना सुरक्षित ठेवायला घेतलेल्या वस्तूनेच कुलूप काढून ठेवलं. मी पहिल्याच महिन्यात थोरलीला दाखवून तिच्यासमोर चॅट अलर्ट बंद केले. ती म्हणाली "मला माहीत होतं, नोटिफिकेशनमध्ये त्या ॲपचा डोळा दिसतो." घ्या!

आता फुकटातल्या गोष्टींशी तुलना, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला तेच हवं असतं. घरच्या राउटरवर फॅमिली डीएनएस (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, फॅमिलीवाली वाईट साइट्सचा पत्ता देतच नाही) लावणं हा माझ्या मते धाकट्या मुलांसाठी सगळ्यात सरळ उपाय आहे. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये टाकला की पॉर्न आणि मालवेअरच्या साइट्स घरातल्या वायफायवर उघडत नाहीत, टीव्ही, टॅब, पाहुण्यांचा फोन, सगळ्यांना एकदम लागू. कोणाचे मेसेज वाचत नाही, कोणाचं लोकेशन मागत नाही. आणि चुकल्यावर काय करतात याचा नमुनाही इथेच मिळतो, १ एप्रिल २०२० ला ही सेवा सुरू झाली त्याच दिवशी लक्षात आलं की समलैंगिक आणि ट्रान्स लोकांसाठीच्या माहितीच्या साइट्सही अडकतायत. बाहेरून घेतलेल्या यादीचा चुकीचा भाग वापरला गेला होता. कंपनीने लगेच उघडपणे लिहून सांगितलं काय चुकलं, कसं चुकलं, आणि दुरुस्त केलं. एवढंच तर हवं असतं.

अर्थात डीएनएसचं दुखणंही आहे. मोबाइल डेटा चालू केला की राउटर गेला उडत. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस बदललं, ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू केलं, व्हीपीएन टाकलं, की तुमचा फिल्टर नुसता शोभेला. आणि यूट्यूब त्यातून सबंध जातं. यूट्यूबसाठी धाकट्याला यूट्यूब किड्स दिलंय, त्यात वयाचे तीन गट असतात, पण मी "फक्त आईबाबांनी मंजूर केलेलं" हा पर्याय लावला. कंटाळवाणं काम आहे, एकेक चॅनेल बघून टिक करायचं, पण २०१७ मध्ये लहान मुलांच्या कार्टूनच्या नावाखाली भलभलते हिंसक व्हिडिओ त्याच ॲपमध्ये घुसले होते ते आठवलं की टिक करायला कंटाळा येत नाही. तिथे मशीनवर विसंबण्यापेक्षा माझे डोळे बरे.

पोरं फिल्टर तोडतातच हा ग्रुपवरचा लाडका मुद्दा, आणि तो खोटा नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ८.४ कोटी डॉलर खर्चून घरोघरी वाटायला फिल्टर आणला, तो १६ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने साधारण अर्ध्या तासात बंद करून दाखवला, तेही असा की स्क्रीनवरचं चिन्ह तसंच राहावं आणि आईबापांना वाटावं चालू आहे! आमच्याकडे थोरलीने घड्याळ मागे करून रात्रीची मर्यादा चुकवायचा प्रयत्न केला, तो या ॲपने पकडला, श्रेय देते. पण एका गेमच्या आतच छोटा ब्राउझर उघडतो, जाहिरातीवर टिचकी मारली की, तिथे मात्र फिल्टरचा पत्ताच नाही. धाकट्याला ते आधी सापडलं.

मग सरकारनेच वरून अडवावं की, असं म्हणणारे खूप आहेत. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरन यांनी मोठ्या इंटरनेट कंपन्यांना घरगुती कनेक्शनवर फिल्टर द्यायला लावला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीबीसीने दाखवून दिलं की लैंगिक शिक्षणाच्या आणि अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या साइट्स अडकतायत आणि काही पॉर्न साइट्स आरामात सुटतायत. अमेरिकेत २००० साली कायदा झाला, सरकारी सवलत घेणाऱ्या शाळा आणि वाचनालयांनी फिल्टर लावलाच पाहिजे, तो २००३ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला, आणि टिकायचं एक मोठं कारण हेच होतं की मोठ्या माणसाने काउंटरवर मागितलं तर ग्रंथपाल फिल्टर बंद करून देऊ शकतो. म्हणजे परत तेच, चुकल्यावर विचारायला समोर माणूस आहे का. आमच्या ॲपवाल्यांनी ते निकालपत्र वाचायला हरकत नाही.

आता तर वाऱ्याची दिशाच बदललीये, फिल्टरऐवजी वयाचा पुरावा मागायचा. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून पॉर्न साइट्सना वय तपासणं बंधनकारक झालं, आणि लगेच व्हीपीएनची ॲप्स डाउनलोडच्या यादीत वर. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियाचं खातं ठेवायलाच बंदी. हेतूबद्दल माझं भांडण नाही, पण ओळखपत्राचे फोटो कुठेतरी साठतात त्याचं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपने कबूल केलं की बाहेरच्या सपोर्ट कंपनीकडून सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असू शकतात, वयाबद्दल दाद मागायला लोकांनी दिलेले. म्हणजे ज्यांना मशीनने चुकीचं लहान ठरवलं आणि ज्यांनी सरळ मार्गाने विचारलं, तेच अडकले.

ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, हजारो युरोपियन मुलांवरचा, त्यात घरात फिल्टर असणं आणि मुलांना अश्लील गोष्टी न दिसणं यांचा फारसा संबंध सापडला नाही. हे वाचून काही जण म्हणतात मग लावूच नका. मला ते पटत नाही, त्या अभ्यासातली मुलं ११ ते १६ वयाची होती, माझ्या धाकट्याचं वय त्यात येतच नाही. आठ वर्षांचा मुलगा व्हीपीएन शोधत बसत नाही, तो चुकीच्या लिंकवर बोट ठेवतो. त्याच्यासाठी फिल्टर कामाचा आहे. तेरा वर्षांच्या मुलीसाठी नाही, तिच्यासाठी "काही विचित्र दिसलं तर मला येऊन सांग, फोन काढून घेणार नाही" हे वाक्य आणि ते पाळणं, हे जास्त चालतं. मागच्या महिन्यात अनोळखी माणसाने तिला मेसेज करून फोटो मागितला, ती फोन घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली, आम्ही दोघींनी मिळून ब्लॉक आणि रिपोर्ट केलं. ॲपला त्यातलं काही कळलं नव्हतं.

तर आता आमच्याकडे राउटरवर डीएनएस, धाकट्याच्या टॅबवर मंजूर यादीवालं यूट्यूब किड्स आणि फॅमिली लिंक, थोरलीला फक्त रात्रीची वेळमर्यादा आणि गूगलचं सेफसर्च (शोधताना अश्लील निकाल गाळणारी सेटिंग), तेही तिला सांगून. पेड ॲप बंद केलं. कोणाला घ्यायचंच असेल तर ट्रायलच्या दिवसांत आधी मुलाच्या फोनवरून एखादी चांगली साइट मुद्दाम अडकवा आणि ती विनंती तुमच्यापर्यंत कधी, कशी पोचते ते बघा, बाकी फीचर्स नंतर.

आणि बंद करणाऱ्यांसाठी: नुसतं ॲप डिलीट करायला गेलात तर होत नाही, अँड्रॉइडवर आधी सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस ॲडमिनमधून त्याची टिक काढा, व्हीपीएन प्रोफाइल उडवा, मग अनइन्स्टॉल. आयफोनवर मॅनेजमेंट प्रोफाइल वेगळं काढावं लागतं. ऑटो रिन्यूअल स्टोअरमधून बंद करा, ॲपमधून सापडत नाही. आणि मुलांचा साठवलेला डेटा डिलीट करा असा मेल पाठवून तसं झाल्याचं लेखी मागून घ्या, मला पहिलं उत्तर "तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं, ही घ्या सूट" असं आलं होतं, दुसऱ्यांदा खडसावल्यावर डेटा काढल्याचं लिहून दिलं.